भिंतीपासून दूर : एका नवोदित कादंबरीकारास पत्र

अनेक आशीर्वाद.

पूर्व जर्मनीतील कारखान्यात काम करणाऱ्या व्हिएतनामी तरुणीवरच्या तुझ्या कादंबरीची पहिली प्रकरणे लक्षपूर्वक वाचली. विषयाची निवड मला मनापासून आवडली. परंतु बर्लिनची भिंत खुली झाली त्या ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री तू नायिकेला भिंतीपाशी नेले आहेस, ते प्रकरण काढून टाकावेस असे मी आग्रहाने सांगतो. त्या रात्रीचा जल्लोष यजमान जर्मनांचा होता. सरकारी करारान्वये आलेल्या सुमारे ६०,००० व्हिएतनामी कामगारांच्या लेखी साम्यवादाचा शेवट झाला तो पुढच्या काही महिन्यांत, कारखान्याच्या कार्यालयात. १ जुलै १९९० रोजी पूर्व जर्मनीत पश्चिम जर्मनीचा मार्क चलनात आला, पूर्वेकडचा माल कोणी घेईना, कारखाने बंद पडू लागले आणि कपातीची कुऱ्हाड आधी परदेशी कामगारांवर कोसळली. हाती पडले ३,००० मार्क आणि परतीचे विमानाचे तिकीट. नोकरी, निवारा आणि वास्तव्याचा परवाना ही तिन्ही एकाच कराराला बांधलेली असल्याने मागे राहणाऱ्याला कशाचाच भरवसा उरला नाही.

जुनी साम्यवादी राजवट नायिकेशी मायेने वागत होती, असेही भासवू नकोस. बंधुराष्ट्रांच्या घोषणा देणाऱ्या त्याच राज्यात वसतिगृहात माणशी पाच चौरस मीटर जागा ठरलेली होती, दारावर पहारेकरी असे, आणि गर्भवती राहिलेल्या कामगार स्त्रीपुढे १९८९ च्या सुरुवातीपर्यंत गर्भपात किंवा मायदेशी रवानगी एवढेच पर्याय होते. (तिथेच आलेल्या मोझांबिकच्या कामगारांच्या वेतनाचा मोठा हिस्सा तर परस्पर कापला गेला, आणि त्यासाठी ते मायदेशी परतल्यावर राजधानी मापुटोच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिले.) तरीही त्याच खोल्यांत रात्री जीन्स शिवून विकल्या जात आणि त्या कमाईतून घरी सायकली, मोपेड रवाना होत. त्या देशाविषयी तिच्या मनात राग आणि ओढ दोन्ही असू दे.

पूर्वेकडच्या रोस्टॉक शहरातला प्रसंग तू एका परिच्छेदात उरकला आहेस. तेथे थांबायला हवे. ऑगस्ट १९९२ मध्ये लिख्टेनहागेन वस्तीत जमावाने व्हिएतनामी कामगारांच्या इमारतीला आग लावली, तेव्हा पोलीस मागे हटले होते, बघे टाळ्या वाजवीत होते आणि आत अडकलेली शंभराहून अधिक माणसे छपरावाटे निसटून वाचली. टाळ्या वाजवणाऱ्यांत कालपर्यंत तिच्या शेजारच्या यंत्रावर बसणारी बाई असेल का, हा प्रश्न कादंबरीनेच विचारायचा असतो. त्या बाईचीही नोकरी गेलेली आहे, हे अवश्य दाखव; मात्र तेवढ्यावर तिला दोषमुक्त करू नकोस.

नायिकेचे मनोगत मोडक्या वाक्यांत लिहू नये. जर्मन बोलताना ती अडखळेल. स्वतःच्या भाषेत विचार करताना ती तुझ्या-माझ्याइतकीच सफाईने विचार करते.

आता आधी जुलै १९९० चे प्रकरण लिही. ती सही करते तो कागद कोणत्या भाषेत आहे, तो तिला कोण समजावून सांगते, आणि दुभाष्या कारखान्याचा माणूस आहे की दूतावासाचा, हे पक्के ठरव आणि मगच ते मला पाठव.