आहे त्याच तोंडानं

प्रश्न : काकू, मी ३६ वर्षांचा, लालबागला चाळीत राहतो. पाच वर्षं आमच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार आहे. गेल्या वर्षभरात मोबाइलवर शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यांत पैसे घालवले. आधी माझे, मग बायकोला न सांगता तिच्या पाटल्या गहाण ठेवून, आणि शेवटी मंडळाचे ८५ हजार. ‘पुढच्या एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपेल तेव्हा, काढतो आणि भरून टाकतो’, असंच चाललं होतं. महिनाअखेरच्या रविवारी हिशेबाची बैठक आहे. झोप उडालीय. करी रोडला गाडी आत येताना मी हल्ली मागे खांबाला टेकून उभा राहतो, स्वतःचीच भीती वाटते. संकष्टीला आई आरतीचं तबक हातात देते तेव्हा हात थरथरतो. ज्याचे पैसे खाल्ले त्याच्याच समोर कोणत्या तोंडानं उभा राहू? आणि घाबरलो म्हणून देव आठवणं हा स्वार्थच नाही का?
– एक खजिनदार

उत्तर : आधी त्या खांबाचं बोलू. देवाधर्माचं नंतर. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणाऱ्यांचा नंबर आहे. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आजच फोन करा. जे मला लिहिलंत तेच त्यांना सांगा, खांबासकट. आणि तोवर स्टेशनवर एकटे जाऊ नका, चाळीतलं कुणीतरी सोबत घ्या.

आता स्वार्थाचं. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत, त्यात पहिलं नाव ‘आर्त’. म्हणजे संकटात सापडलेला, कळवळून हाक मारणारा. ज्ञानी श्रेष्ठ म्हटलाय हे खरं, पण चौघांनाही ‘उदार’च म्हटलंय. घाबरलेल्याला रांगेतून बाहेर काढलेलं नाही. तेव्हा भीतीनं देव आठवला याची लाज बाळगू नका. लाजायला तुमच्याकडे दुसरं पुष्कळ आहे.

प्रश्न आहे तो काय मागता याचा. मी बँकेत कॅशियर होते. १९८६ची गोष्ट. दादरच्या शाखेत एका संध्याकाळी पाच हजार कमी भरले. तीनदा मोजलं, जुळेना. त्या काळी माझे दोन-तीन पगार झाले असते. स्ट्राँगरूममधून पेटी आणणारा शिपाई होता, त्याच्यावर संशय गेला. सगळ्यांदेखत त्याला पिशवी रिकामी करायला लावली. जेवणाचा डबा, घडी केलेला सदरा आणि मुलीसाठी घेतलेली खडूची पेटी, एवढंच निघालं. खडूची पेटीसुद्धा उघडून बघितली.

मुलुंडला घरी जाताना बायकांच्या डब्यात आमचं भजन असायचं. माझ्याकडे टाळ. विद्याविहार गेलं आणि मला लख्ख आठवलं, की दुपारी घाईत एका व्यापाऱ्याला मी पन्नासच्या बंडलाऐवजी शंभरचं बंडल दिलं होतं. बरोबर पाच हजारांचा फरक. टाळ हातातच राहिला.

पुढचे दोन दिवस मी गप्प होते. प्रार्थना मात्र अखंड चालू होती, ‘देवा, कुणाला कळू देऊ नकोस.’ आज वाटतं, ती प्रार्थना कसली, देवाला माझ्या बाजूनं खोटी साक्ष द्यायला बोलावत होते मी. तुमची संकष्टीची प्रार्थना काय असते हो? बैठक पुढे ढकलली जावी, एखादा ट्रेड लागावा, अशीच ना? लागणार नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये सांगितलंय, की तीन वर्षांत या वायदे-ऑप्शनच्या धंद्यात उतरलेल्या शंभरातल्या ९३ सामान्य माणसांचं नुकसानच झालं. ते ॲप आधी काढून टाका. उरलेल्या सातांत बसवण्याची शिफारस बाप्पाकडे करू नका.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आमची मुलगी, सात वर्षांची, रामदासांची करुणाष्टकं म्हणत होती. पाठांतराचं म्हणायचं असतं तसं, एका श्वासात, पाय हलवत. ‘अनुदिनी अनुतापे तापलो रामराया.’ मी लहानपणापासून म्हटलेलं. पण त्या दिवशी ‘तापलो’ला अडकले. अनुताप आणि लाज मी एकच समजत होते. लाजेत माणूस तोंड लपवतो. इथे तर हा आपण होऊन सांगतोय, की मी तापलोय, मन आवरत नाही, धाव. आणि ‘धाव रे धाव’ ही काय अदबीची भाषा झाली? देव्हाऱ्यापुढे बसले आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रकमेसकट बोलले, ‘पाच हजार माझ्या हातून गेले आणि त्याची पिशवी मी उघडू दिली. उद्या सांगण्यापुरतं तोंड दे.’ मुलगी पाय हलवायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. तोंड देवानं दिलं की मुलीनं ऐकलं होतं म्हणून आलं, कोण जाणे. पैसे पगारातून कापले गेले. व्यापाऱ्यानं बंडल परत केलं नाही. शिपायाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यानं मान हलवली, आणि माझी बदली होईपर्यंत माझ्या टेबलावर पाणी ठेवायचा तो एक शब्द न बोलता. त्यानं माफ केलं होतं का, मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हा आज घरच्या गणपतीपुढे बसा, आहे त्याच तोंडानं. हात थरथरले तर थरथरू देत. ‘पंच्याऐंशी हजार’ हा आकडा तोंडानं उच्चारा. ‘थोडी गडबड झाली’ असलं काही नको. सुटका मागू नका, बायकोशी बोलण्याचं बळ मागा. आणि लगेच, उठल्या उठल्या, तिला पाटल्यांचं सांगा. बैठकीत तिला तिसऱ्याकडून कळलं तर ती माफी फार महाग पडेल. मग रविवारची वाट न बघता अध्यक्षांच्या घरी जा, जमलं तर बायकोलाच सोबत घेऊन. जे हाताशी असेल ते घेऊन जा, दहा हजार का असेनात, उरलेल्याचं लेखी द्या. मंडळ हप्ते बांधून देईल की पोलिसांत जाईल, ते मी सांगू शकत नाही. मंडळाच्या तिजोरीची चावी मात्र त्याच दिवशी त्यांच्या हातात द्या.

आणि भराल त्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. पाच वर्षं खजिनदार होतात, पावतीचं मी काय सांगणार तुम्हाला.