फ्लेक्सवरचं पॅकेज बघून अ‍ॅडमिशन घ्यायची का?

प्रश्न: मुलीला सीईटीत ८६ पर्सेंटाइल आहेत. एका खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात चौकशीला गेलो तर ऑफिसातल्या सरांनी १८ लाखांचं पॅकेज मिळालेल्या मुलांचे फोटो दाखवले आणि म्हणाले मॅनेजमेंटची सीट आत्ताच बुक करा, कॅप राउंडची, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीची, वाट बघू नका. बाकी काही विचारलं की म्हणतात वेबसाइटवर आहे सगळं. नक्की काय बघू? – एक आई, चाळीसगाव

उत्तर: ताई, आधी एक सांगते, घाईत पैसे भरू नका. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४ च्या जीआरप्रमाणे मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं, पण अ‍ॅडमिशन कॅपमधून असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की ते गेलं, आणि ऑफिसात बसलेला माणूस हे आपणहून सांगत नाही याचा मला खरंच राग येतो.

आता वेबसाइट. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता असलेल्या कॉलेजला 'मँडेटरी डिस्क्लोजर' म्हणजे सक्तीने जाहीर करायची माहिती वेबसाइटवर टाकावीच लागते. मेनूत दिसलं नाही तर पानाच्या अगदी तळाशी बघा. त्यात कोर्सवार मंजूर सीट्स, फी, ३ वर्षांचा कटऑफ आणि प्लेसमेंटचा कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी पगार द्यायचा असतो. ३ वर्षांत किती शिक्षक लागले आणि किती सोडून गेले हेही द्यायचं असतं, मी तर आधी तेच बघते, कारण सारखे शिक्षक बदलत असतील तर शिकवणार कोण आणि प्रोजेक्टला गाइड कोण करणार?

दुसरा कागद एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगचा. रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजला आपण भरलेली माहिती वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यातला प्लेसमेंटचा तक्ता उघडा आणि एकच ओळ आडवी वाचा: पहिल्या वर्षाला किती मुलं आली, त्यातली ठरलेल्या वेळेत किती पास झाली, किती प्लेस झाली, मिडियन पगार किती. समजा १२० आली, वेळेत ७० सुटली, ३० ना नोकरी लागली आणि मिडियन साडेतीन लाख, तर १८ लाखवाला मुलगा खराच असेल हो, पण तुमच्या मुलीने त्याच्या भरवशावर ४ वर्षं का घालवायची? मिडियन म्हणजे प्लेस झालेल्यातली निम्मी मुलं त्याच्या खाली आहेत.

फी किती ते कॉलेजकडून ऐकू नका, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे एफआरएच्या साइटवर त्या कॉलेजची मंजूर फी बघा. त्याच्यावर कोणी 'डेव्हलपमेंटला' म्हणून रोख मागितले तर ते डोनेशन, आणि त्याला राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. आणि एनबीए मानांकन, म्हणजे दर्जा तपासून मिळणारी राष्ट्रीय मान्यता, कोर्सला मिळतं, आख्ख्या कॉलेजला नाही, तेव्हा मुलगी घेणार त्या कोर्सला, समजा कॉम्प्युटरला, आहे का असंच विचारा.

प्रश्न: बीएस्सीला फी भरली, आता दुसरीकडे नंबर लागलाय. कॉलेज ओरिजिनल मार्कशीट देत नाही आणि फी परत मिळणार नाही म्हणतंय. – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: अरे, ओरिजिनल अडकवून ठेवायचा त्यांना हक्कच नाही, तपासून लगेच परत द्यायची असतात असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, स्पष्ट सांगितलंय. फीचं २०१८ चं कोष्टक असं: अ‍ॅडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केलीस तर पूर्ण फी (त्यातून प्रोसेसिंगचे जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० च्या वर नाही), त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, ३० दिवसांत ५०, पुढे काही नाही. यूजीसी कधीकधी त्या वर्षापुरती जास्त सवलतही देतं, तेव्हा यंदाची नोटीस बघून घे.

तोंडी भांडत बसू नकोस, दिवस जातात तसे टक्के कमी होतात. आजच लेखी अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोचशिक्का घे. अर्जापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा, तिथेही नाही झालं तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार टाकता येते, तिथे त्या पोचशिक्क्याचा फोटो जोड.