घडवायला निघू नकोस

बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जूनपासून ज्या पोरासाठी जीव ओतलास, तो दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला गेला, आणि तू विचारतोस, ‘सर, माझं शिकवणं वाया गेलं का?’ मुकादमाने तोडीसाठी आगाऊ दिलेली उचल घरात येऊन खर्चून झालेली असते रे. तिच्यापुढे तुझा खडू-फळा किती पुरणार? पुढच्या वर्षी सप्टेंबरातच पालकांना गाठ, आईबाप तोडीवर असताना पोरं गावातच राहून शिकतात त्या हंगामी वसतिगृहाचं बोल. तेवढं तुझ्या हातातलं. पण पोराला आपण ‘घडवतो’ हे डोक्यातून काढ.

मीही घडवायलाच निघालो होतो. चोपड्याकडे असताना एक पोरगा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून स्वतः नव्या तारेने भरायचा. दहावीला मार्क चांगले पडले आणि मी त्याच्या बापाच्या मागे लागून त्याला सायन्सला घातलं. ‘गुरुजी, माले जमत नही,’ तो माझ्याच ओट्यावर उभा राहून म्हणाला होता. मी ऐकलं नाही. बारावीला दोनदा नापास झाला. आज तो मोटारीच भरतो, उत्तम भरतो, पण मला पाहिलं की रस्ता बदलतो. त्या काळी डॉक्टर-इंजिनियरपलीकडची वाट आम्हाला कोणी दाखवली होती? बापाने विश्वासाने पोरगा माझ्या ओटीत घातला होता. माझा हेतू खोटा नव्हता, हे मी आजही सांगेन. तरी त्याचं ‘जमत नही’ कानातून जात नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, घडवायला निघू नकोस. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, २०१८ पासून. यावरून ‘शाळा कशाला हवी’ म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. त्यांची गाणी कागदावर उतरली ती त्यांच्या शिकलेल्या मुलामुळे, सोपानदेवांमुळे, घरातल्या लिहित्या हातांमुळे. गाणं आईचं होतं, ती ओवी कुठल्या वर्गात तयार झाली नव्हती. आपलं काम त्या लिहित्या हाताचं, आणि ते काही लहान नाही. तुला ते कमीपणाचं वाटतं, याचाच मला राग येतो.

हंगाम संपला की तो पोरगा परत येईल. पहिल्याच दिवशी बुडालेला अभ्यास काढून बसू नकोस. फडात काय पाहिलं, मोळी कशी बांधतात, गाडी कशी भरतात, ते विचार. तो सांगेल तसं, त्याच्याच बोलीत, वहीत उतरवून घे. मग ती वही त्याच्या हातात दे आणि म्हण, वाच.

तुझा,
सर