एआयकडून पोस्ट लिहून घेताय? आधी एवढं करा

"दिवाळी फराळावर छान पोस्ट लिही" एवढंच सांगितलंत, तर "खमंग, खुसखुशीत, आईच्या हातची चव" हेच मिळणार. एआयला तुमच्या मालाबद्दल काही माहीतच नाही. म्हणून आधी तपशील द्या: भाजणीची चकली, अर्धा किलोचं पाकीट, किंमत, ऑर्डरची शेवटची तारीख, घरपोच कुठपर्यंत. मग सांगा:

- वाचणारं कोण: नोकरी करणारी, फराळाला वेळ नसलेली ताई.
- कुठे टाकणार: इन्स्टाग्रामवर कॅप्शनची सुरुवातच दिसते, बाकीचं "मोर"वर टॅप केल्याशिवाय उघडत नाही. चकली आणि तारीख पहिल्याच ओळीत मागा.
- काय नको: "चला तर मग", इमोजींची रांग.

मराठी बरेचदा पुस्तकी येते. तुमच्याच दोन-तीन जुन्या पोस्ट चिकटवून "याच बोलीत लिही" म्हणा. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, खरंच करून बघा.

पहिला मसुदा तसाच टाकू नका. "जरा भारी कर" म्हणण्यापेक्षा "दुसरी ओळ काढ, वाक्यं छोटी कर" असं नेमकं सांगा. किंमत, तारीख, फोन नंबर स्वतः ताडून पाहा. तुम्ही न सांगितलेलं "शुद्ध तुपात तळलेली" एआय बिनधास्त घुसडतं, आणि गिऱ्हाईक जाब तुम्हाला विचारतं. महिन्याभराच्या पोस्ट एकदम मागू नका. पुढच्या पुढच्या सगळ्या एकसारख्या होत जातात.