'पोरांना खेळवायला शिकायला लागतंय काय?'

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेऊन. आजोबा वारल्यापासून माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने बोलणंच टाकलं होतं. धारवाडला एका मॅडमकडे दर आठवड्याला न्यायचो. त्या त्याला नुसतं खेळू द्यायच्या. तो वाळूत एक बाहुला पुरायचा, उकरून काढायचा, परत पुरायचा. चार महिन्यांनी बोलायला लागला. मला हेच काम, म्हणजे खेळोपचार (प्ले थेरपी), करायचं आहे. बाबा म्हणतात, 'पोरांना खेळवायला शिकायला लागतंय काय? आणि पगार कोण देतंय?'

उत्तर : बाबांवर रागावू नकोस. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिला आधी. सहा वर्षांच्या पोराला 'आजोबा गेले, तुला काय वाटतंय?' असं विचारलं तर तो काय सांगणार? मोठ्यांनाही ते धड सांगता येत नाही. पण बाहुला पुरता येतो. खरं मरण त्याला न विचारता, न सांगता घडलं. कदाचित त्याला त्या दिवशी शेजारच्या घरी बसवून ठेवलं असेल. खेळात तेच तो वीसदा करतो आणि दर वेळी कधी पुरायचं, कधी काढायचं हे तोच ठरवतो. जे अंगावर आलं होतं ते असं हळूहळू हातात येतं.

आणि मॅडम? 'हे आजोबा का रे?' असं त्या विचारत नसणार. 'परत बाहेर काढलंस त्याला', एवढंच म्हणत असतील. दिसतं ते बोलायचं, अर्थ चिकटवायचा नाही. खोली तीच, खेळणी त्याच जागी, वार आणि वेळ ठरलेली. मुलानं उशी बडवली तर चालतं, मॅडमना मारलेलं चालत नाही. मर्यादा मोजक्याच, पण पक्क्या. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ मध्ये या पद्धतीची तत्त्वं मांडली. त्यातलं मला सगळ्यात अवघड वाटतं ते म्हणजे घाई न करणं. २००५ मध्ये ९३ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा खेळोपचाराचा चांगला उपयोग दिसला. आईवडिलांना शिकवून सामील करून घेतलं तिथे जास्तच.

हे काम शिकत असताना मी एकदा माती खाल्ली. एका मुलीनं बाहुलीच्या घरात वाघ झोपवला. मी बोलून गेले, 'वाघ घरात कसा?' तिनं निमूटपणे वाघ उचलून टोपलीत टाकला. पुढचे तीन आठवडे तिनं त्या घराला हात लावला नाही. बाबांना हे सांग. शिकायला लागतं ते खेळवणं नव्हे, आपलं तोंड आवरणं.

आता वाट. भारतात 'प्ले थेरपिस्ट' असा वेगळा सरकारी परवाना नाही, त्यामुळे शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रांचं पेव फुटलंय. त्यांच्या नादाला आत्ता लागू नकोस. आधी मानसशास्त्रात एम.ए. कर, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आहे, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहे. महाराष्ट्रातल्या काही प्रवेशांत सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी तरतूद असते. तुझं गाव यादीत आहे का आणि तुझ्या अभ्यासक्रमाला ती लागू होते का, हे विद्यापीठातच विचार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. खेळोपचाराचं प्रशिक्षण त्यानंतर, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. कारण न बोलणारं प्रत्येक मूल दुःखानं गप्प नसतं. कुणाला ऐकू येत नसतं, कुणाला स्वमग्नता (ऑटिझम) असते. ते ओळखता आलं नाही तर वाळूत महिने वाया जातात. शिवाय खेळातून कधी लैंगिक अत्याचार बाहेर येतो. तेव्हा २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, 'मुलाचं गुपित' म्हणून गप्प बसता येत नाही.

तुझी एक जमेची बाजू तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. आपल्याकडची पोरं घरी मराठी, गल्लीत निम्मं कन्नड, शाळेत तिसरंच बोलतात. पण बाहुलीला झोपवताना आईचीच भाषा तोंडात येते. तुला ती येते. कन्नडही नीट लिही-वाच, नुसतं बाजारापुरतं नको. सरकारी दवाखान्यात काम करायचं तर बरेच कागद कन्नडमध्ये असतात.

पगाराचं खरं सांगते. निव्वळ खेळोपचारावर बेळगावात पहिली काही वर्षं घर चालणार नाही. शाळेतलं समुपदेशन, दवाखान्यातल्या चाचण्या, विशेष मुलांच्या केंद्रातलं काम हे सोबत धरावंच लागेल. बाबांना एम.ए.पर्यंतचा आणि पुढच्या प्रशिक्षणाचा खर्च वर्षवार कागदावर मांडून दाखव.

आणि एक कर. दिवाळीत गल्लीत पोरं किल्ला करतात ना, तिथे तासभर जाऊन बस. (आमच्या गल्लीत किल्ला पोरांचा असतो, पण बुरूज बाप बांधतात.) मातीला हात लावायचा नाही, तट कलला तरी सांगायचं नाही, मावळा उलटा उभा केला तरी गप्प. कुणी तुला काम सांगितलं तरच उठायचं. तासाभरात किती वेळा जीभ चावावी लागली ते मोजून मला लिही.