सरकारी शिक्षिकेला राजकारणाची वाट खुली आहे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी राज्यशास्त्रात एम. ए., बी. एड. असून तिची इंदूरजवळच्या शासकीय माध्यमिक शाळेत निवड झाली आहे. काही वर्षे शिकवून नाव झाले की राजकारणात उतरायचे, असा तिचा बेत आहे आणि पुण्याच्या मामांनी शिक्षक मतदारसंघाचा मार्ग सुचवला आहे, असे आपण कळवता.

मामांचा सल्ला महाराष्ट्रापुरता ठीक आहे. तेथे विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 जागांवर शिक्षक आपले प्रतिनिधी निवडतात. मध्य प्रदेशात मात्र विधान परिषदच नाही.

खरी अडचण पुढेच आहे. मध्य प्रदेश नागरी सेवा आचरण नियम, 1965 प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पक्षाचा सदस्य होता येत नाही, प्रचार करता येत नाही आणि निवडणूकही लढवता येत नाही. शाळेत तिचे नाव होईल, यात मला शंका नाही. पण मतदार यादी घेऊन घरोघर फिरणे, मतदानाच्या दिवशी पक्षाचा बूथ सांभाळणे, या ज्या कामांवर पक्षात माणसाची पारख होते, ती सगळी त्या वर्षांत तिला वर्ज्य राहतील. ऐनवेळी राजीनामा देऊ म्हणावे, तर तो मंजूर होणेही तिच्या हाती नसते. उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांनी जून 2023 मध्ये दिलेला राजीनामा बराच न्यायालयीन झगडा होऊन ऑक्टोबरात मंजूर झाला, आणि आमला विधानसभा मतदारसंघातली काँग्रेसची उमेदवारी दुसऱ्याला गेली. मायावतींनीही दिल्लीतील शिक्षिकेची नोकरी सोडूनच पक्षाचे पूर्णवेळ काम पत्करले होते.

सुमित्राताई महाजनांचे नाव आपण घेतले आहे. त्या 1984 मध्ये इंदूरच्या उपमहापौर झाल्या आणि 1989 मध्ये खासदार. म्हणजे त्यांची सुरुवात महापालिकेतून झाली. आपल्या मुलीलाही तोच जिना जवळचा आहे. नगरसेवकपदाला वयाची 21 वर्षे पुरतात, विधानसभेला 25 लागतात.

घर तिच्या पगारावर चालणार असेल, तर तिने निःशंक रुजू व्हावे आणि राजकारणाचा विषय तूर्त बाजूला ठेवावा. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याची सोय येथे नाही. तशी निकड नसेल, तर मी खासगी शाळा सुचवीन, मात्र नेमणूकपत्रात राजकीय कामाला बंदी नाही ना, हे सही करण्यापूर्वी वाचावे. तत्पूर्वी तिने आपल्या पसंतीच्या पक्षाच्या वॉर्ड अध्यक्षांना भेटून, नव्या कार्यकर्तीला पहिल्या वर्षी नेमके कोणते काम देता, एवढे विचारून यावे.