विनामोबदला काम, मग बोलणी का खायची?

प्रश्न : निवृत्त झाल्यापासून मी अंध विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक म्हणून जाते. मागे एकदा घरी अचानक पाहुणे आले, म्हणून पेपरच्या दिवशी सकाळी ‘जमणार नाही’ असं कळवलं. समन्वयक बाईंनी फोनवर चांगलंच सुनावलं. एक पैसा न घेता काम करायचं आणि वर बोलणीही खायची का? – एक वाचक

उत्तर : तुम्हाला लागलं, हे समजतं. पण मुद्द्यावर मी त्या बाईंच्या बाजूने आहे. लेखनिक जमवायचं काम मीही बरीच वर्षं करते, म्हणून वर्गात काय होतं ते सांगते.

घंटा झालेली असते, प्रश्नपत्रिका बाकावर पडलेली असते. मुलीचा अभ्यास चोख असतो, पण पहिला प्रश्न कोणता हेसुद्धा कुणी वाचून दाखवल्याशिवाय तिला कळत नाही. बदली माणूस धावतपळत येतो, तर त्याला विषयातल्या संज्ञा ठाऊक नसतात. मग ती एकेक शब्द अक्षरं फोडून सांगत बसते आणि घड्याळ पुढे जात राहतं. वर्षभराची मेहनत अशी वाया जाताना मी पाहिली आहे, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2013 च्या सांख्यिकी व्याख्येत स्वयंसेवेला तीन मुख्य अटी आहेत : मोबदला नको, सक्ती नको आणि काम दुसऱ्यांसाठी असावं. सक्ती नको म्हणजे नाव नोंदवताना तुम्ही खुशाल नकार द्या, कारणही सांगू नका. होकार दिल्यावर मात्र कुणीतरी त्या होकारावर विसंबून असतं.

शिवाय हे उपकार नव्हेत. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारात शिक्षणातल्या वाजवी सोयी हक्क म्हणून नोंदवल्या आहेत. मग राखीव लेखनिकांची यादी तयार ठेवणं हे परीक्षा घेणाऱ्यांचंच काम ठरतं. आपण धावपळ करून वेळ निभावून नेतो, म्हणून त्यांना त्याची गरजच भासत नाही. नागरिक म्हणून इथे गप्प बसू नका. वर्गात बसून हे सगळं तुम्हीच पाहता, तेव्हा राखीव यादीची लेखी मागणी तुम्हीच करा. समन्वयक बाईंचीही सही घ्या.

पुढच्या सत्रात हवे तर दोनच पेपर घ्या. अडचण येईल असं वाटलं तर आदल्या दिवशीच फोन करा. आणि त्या विद्यार्थ्याचा पेपर शेवटी कसा गेला, तेही बाईंना विचारा.